दोन सोमवार

जगाच्या नकाशावर सांताक्रूझे किती आहेत, याची मोजदाद मी एका रिकाम्या रविवारी करून पाहिली होती. टेनेरीफ बेटावर एक आहे, बोलिव्हियात एक आहे, कॅलिफोर्नियात आहे, गॅलापागोस बेटांत आहे. अर्जेंटिनात तर त्या नावाचा अख्खा प्रांत आहे आणि एक नदीही आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोक घर सोडून जिथे जिथे पोहोचले तिथे तिथे त्यांनी आपला पवित्र क्रूस नेला आणि जागेला त्याचेच नाव दिले. साष्टीतल्या आमच्या गावालाही ते तसेच मिळाले. पुढे आगगाडी आली, विमानतळ आला आणि नावाचा अर्थ विचारणारे कोणी उरले नाही. आज ‘सांताक्रूझ’ म्हटले की मुंबईकराला मिलन सबवेत तुंबलेले पाणी आठवते, नाहीतर वेधशाळेने मोजलेला पाऊस. 26 जुलै 2005 रोजी 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला तो आमच्याच सांताक्रूझने.

ही मोजदाद मी भूगोलाच्या प्रेमापोटी केली असे कृपा करून कोणी समजू नये. मी मराठीचा प्राध्यापक. मला नकाशापेक्षा शुद्धलेखनाचे नियम जवळचे. पण माझा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर चीफ ऑफिसर आहे. टेनेरीफच्या बंदरात जहाज तेल घ्यायला थांबले असताना त्याने तिथल्या एका दुकानदाराला ‘मीही सांताक्रूझचाच’ असे सांगितले, आणि तो बिचारा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला, ही गोष्ट दादा गेली वीस वर्षे सांगतो आहे. दर खेपेला तो दुकानदार थोडा थोडा अधिक गोंधळतो.

आम्ही राहतो ते पूर्वेला, वाकोल्याच्या बाजूस. विमान डोक्यावर आले की वाक्य अर्धे सोडायचे आणि ते गेले की त्याच शब्दापासून पुढे बोलायचे, ही कला आमच्याकडच्या पोरांना बोबड्या वयातच येते. दादाला जहाज गाठायला बहुधा परदेशी जावे लागते, म्हणून विमानतळ जवळ हे आईला फार सोयीचे वाटे. रात्रीच्या विमानाने तो निघाला की ती गॅलरीत उभी राही आणि वर जाणाऱ्या प्रत्येक विमानाला हात करी. त्यांपैकी दादाचे कोणते हे तिला ठाऊक नसे. ‘एखाद्यात असेलच की!’ ती म्हणायची.

आमच्या भाषेत घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, कारण त्यांना हे नेहमीचे झालेले आहे. पण सहासहा, आठआठ महिने समुद्रावर जाणारा माणूस दारात बूट चढवताना ‘येतो हं’ म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दाने काय काय पेलायचे असते ते आमच्या घराला विचारावे.

आणि तो येतो, म्हणजे नेमके काय होते? बॅग येते, चॉकलेटे येतात, बॅगेला आणि कपड्यांना चिकटलेला डिझेलचा आणि रंगाचा एक वास येतो. आई दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकी, पायांवर पाणी घाली. आप्पा पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले, या प्रकारांची थट्टा करण्यात हयात घालवलेले. ते आतून ओरडत, ‘अगं, त्याची दृष्ट काढायला समुद्रात कोण बसलं होतं?’ बिऱ्हाडातली माणसे डोकावून जात. एवढे होईपर्यंत रात्र होते. मग पहाटे साडेतीनला दादा उठतो, कारण जहाजावर चार ते आठ हा त्याचा पहारा. गॅलरीत काळोखात तो उभा असतो. जेवताना पेला ताटापासून दूर, मध्यभागी ठेवतो. वहिनीने पान वाढले की ते घसरू नये म्हणून त्याचा डावा हात आपोआप ताटाच्या कडेला जातो. घर हलत नाही हे त्याच्या हाताला कळायला आठवडा लागतो.

घराचे तर त्याहून अवघड असते. साखरेचा डबा दुसऱ्या फळीवर गेलेला असतो. गॅसचा नंबर माझ्या बायकोच्या फोनवरून लागत असतो. दिवाणखान्यातल्या दिव्याचे बटण बदललेले असते आणि दादा जुन्या जागी भिंत चाचपडत असतो. त्याच्या मुलीला गणितात काय अडते हे त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक असते. घर त्याच्यावाचून चालायला शिकलेले असते. आणि ते त्याला कळू नये म्हणून आम्ही सगळे जी धडपड करतो, ती त्याला पहिल्याच दिवशी कळते. पाहुण्याला मिळतो तसा पहिला वाफेचा भात त्याला मिळतो. ज्या दिवशी वहिनी त्याच्यावर ‘ओला टॉवेल पुन्हा गादीवर?’ म्हणून खेकसते, त्या दिवशी तो खरा घरी आला असे मी समजतो. आणि मग तीनेक आठवड्यांत कंपनीचा फोन येतो.

आमची प्रवासवर्णने मी इतकी वर्षे शिकवतो आहे. जाण्याची तयारी, बोट लागणे, परक्या गावातली फजिती यांवर पानेच्या पाने. आणि परत येणे शेवटच्या चार ओळींत. जणू परतीला वर्णन लागतच नाही! पण एका बाईचे परतणे मला फार विचार करायला लावते. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी तिथून अमेरिकेत गेल्या आणि दोन-अडीच वर्षे तो देश हिंडून व्याख्याने दिली. येताना मात्र त्या गेल्या वाटेने आल्या नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पॅसिफिक ओलांडून, जपान पाहून, हाँगकाँगमार्गे त्या फेब्रुवारी 1889 मध्ये मुंबईला उतरल्या. म्हणजे पश्चिमेच्या दाराने गेलेली बाई पूर्वेच्या दाराने आत आली. पृथ्वीला एक पुरी प्रदक्षिणा झाली. त्या वेळी त्यांचे वय पुरते एकतीसही नव्हते.

पण त्या कोणाकडे परतल्या? आईवडील दुष्काळाच्या दिवसांत भटकंतीतच गेले होते. भाऊ गेला होता, नवरा गेला होता. जन्म रानात, बालपण तीर्थयात्रांत. ज्याला परतावे असे घर त्यांना कधी नव्हतेच. एक लहानगी मनोरमा तेवढी त्यांची होती. अशा बाईने मुंबईत पाऊल ठेवल्यापासून दीड महिन्याच्या आत, 11 मार्च 1889 रोजी, शारदासदन उघडले. परतायला घर नव्हते, म्हणून ज्यांना घर उरले नव्हते अशा विधवांसाठी एक थाटले. त्यांच्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकावर परीक्षेत प्रश्न येतो तेव्हा मुले अमेरिकेतल्या शिक्षणावर भरभरून लिहितात. मी मात्र पेपर तपासताना बोटीवरून उतरणाऱ्या बाईंकडेच पाहत राहतो. धक्क्यावर कोणाचे तोंड शोधीत उतरल्या असतील?

जगप्रदक्षिणेची आणखी एक गंमत आहे, आणि ती गंमत नाहीही. मॅगेलनची पाच जहाजे 1519 साली निघाली. अर्जेंटिनातल्या त्या सांताक्रूझ नदीच्या मुखाशी त्यांनी 1520 चा कडाक्याचा हिवाळा सरायची वाट पाहिली, हे वाचून मला उगाचच शेजाऱ्याची बातमी ऐकल्यासारखे वाटले. मॅगेलन वाटेतच मारला गेला. 6 सप्टेंबर 1522 रोजी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज स्पेनला परतले, 18 जीर्ण माणसांसह. त्याआधी केप व्हर्दे बेटांवर अन्नासाठी थांबले असता त्यांनी वार विचारला. जहाजाच्या हिशेबाने बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गुरुवार. नोंदी तर रोज काटेकोर ठेवलेल्या! पश्चिमेकडे सूर्यामागून जाता जाता त्यांच्या तीन वर्षांतून एक दिवस गळून गेला होता.

दादा नवा नवा कॅडेट होता तेव्हा त्याने हे सारे आईला समजावून दिले होते. पूर्वेकडे जाताना दर काही दिवसांनी घड्याळ तासभर पुढे करावे लागते. झोपेतला एकेक तास असा कापला जातो. पॅसिफिकच्या मधोमध वाररेषा ओलांडली की ती भरपाई एकदम मिळते आणि आजचाच वार उद्या पुन्हा येतो. उलट पश्चिमेकडे जाताना एक वार पंचांगातून गायबच होतो. आई सोमवार करायची. तिने तांदूळ निवडता निवडता विचारले, ‘मग दोन सोमवार आले तर उपास दोन्ही दिवस करायचा का रे?’

‘हो. उपास दोनदा आणि पगार एकदा.’

‘आणि सोमवार आलाच नाही तर?’

‘तर मजा! पुण्य बुडालं.’

‘पुण्य असं बुडत नाही,’ आई म्हणाली. ‘पुढल्या सोमवारी जमा होतं.’

दादाने हे जहाजावर जाऊन सांगितले असावे, कारण नंतर एकदा त्याच्या कॅप्टनने आईला नमस्कार सांगून तिच्या हिशेबाची पावती मागितली होती.

समुद्रावरून परत येणे आणि घरी येणे यांत अंतर असते, हे मला प्रथम जाणवले ते 2013 साली. म्हादेई ही गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली शिडाची नौका. तीवरून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये पृथ्वीला वळसा घालून आले. असे एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबईहून निघाले ते कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता, 31 मार्च 2013 रोजी मुंबईला परत. पाच महिने एकटा माणूस! पण राष्ट्रपतींच्या हस्ते गेटवे ऑफ इंडियापाशी त्यांचे स्वागत ठरले होते 6 एप्रिलला. म्हणजे अवघे जग मागे टाकून आलेला माणूस त्यानंतर सहा दिवसांनी रीतसर ‘परत आला’. आम्ही घरात यावर हसलो होतो. दादा मात्र हसला नाही. ‘ते सहा दिवस बरेच,’ तो म्हणाला. ‘एकदम दारात उभं राहणं फार होतं.’

आणि ज्यांना दारात उभेच राहवत नाही असेही असतात. 1968 साली एकट्याने, न थांबता जग फिरण्याच्या शर्यतीत नऊजण उतरले. पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, आणि तीही ‘सुहैली’ या, आपल्या मुंबईत मुंबईच्या सुतारांनी सागवानात बांधलेल्या बोटीवरून. 22 एप्रिल 1969 रोजी तो फाल्मथच्या बंदरात शिरला तेव्हा जकातवाल्यांनी नेमाप्रमाणे विचारले, कुठून आलात? तो म्हणाला, फाल्मथहून. याच शर्यतीतला बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच मनुष्य. केप हॉर्नला वळसा घालून झाला होता, घरी बायको होती, कीर्ती होती, बक्षीस होते. त्याने नौका उत्तरेकडे न वळवता पुन्हा पूर्वेकडेच काढली आणि आणखी अर्धी पृथ्वी कापून तो ताहितीला जाऊन राहिला. आमच्याकडे हे कळले तेव्हा आई म्हणाली, ‘त्याला कोणी “येतो म्हण” असं शिकवलं नसेल.’

2019 च्या सप्टेंबरात दादा सिंगापूरला जहाजावर चढला. सुटा माल वाहणारे जहाज, जिथे माल तिथे जायचे. मे महिन्यात परतायचा होता. मार्चमध्ये जगाची दारे बंद झाली. बंदरात जहाजे लागत, माल उतरे, पण माणसाला उतरू देत नसत. सलग बारा महिन्यांच्या आत खलाशाला घरी पाठवावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण 2020 अखेर जगभर सुमारे 4 लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला होता. त्यांतला एक आमचा. इकडे आमच्या डोक्यावरची विमाने थांबली होती. वाकोल्यात सलग वाक्ये बोलता येऊ लागली, आणि बोलण्यासारखे काही सुचेना.

20 जुलैला सोमवार होता आणि दिव्यांची अवस. आईने माळ्यावरची समई काढायला लावली, सगळे दिवे घासले, पाटावर मांडून लावले. तिचा उपास होता. मंगळवारी पहाटे पाचच्या सुमारास तिला घाम आला. साडेपाचला सारे संपले होते. हृदयाचे दुखणे होते, ते जुनेच. त्या दिवसांत अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा होती; आमची तेवढीही झाली नाहीत. अग्नी मी दिला. कंपनीमार्फत जहाजावर निरोप धाडला. दोन दिवसांनी उपग्रहाच्या फोनवरून दादा बोलला. तीन मिनिटे. त्यांतली पहिली दोन नुसती खरखरीची होती.

तो ऑक्टोबरअखेर कोचीला उतरला. जपानहून निघून पॅसिफिक, पनामा, मेक्सिकोचे आखात, अटलांटिक, सुएझ, अरबी समुद्र असे जग एकदा पुरते फिरून. विमानाने मुंबईला आला आणि आमच्या आवारापर्यंत पोहोचला. पण आप्पा 80 वर्षांचे, छातीने अधू. म्हणून 14 दिवस त्याने समोरच्या बी विंगमध्ये, गावी गेलेल्या एका स्नेह्यांच्या ब्लॉकमध्ये राहायचे असे सर्वांनी मिळून ठरवले. मध्ये साठ पावलांचे अंगण. तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. वहिनी डबा त्याच्या दाराबाहेर ठेवून यायची आणि धावत वर येऊन तो डबा उघडताना त्याला पाहायची. पुतणी रोज कठड्याला पाठ लावून उभी राही, बाबांना आपली उंची दिसावी म्हणून. आप्पा खुर्ची घेऊन बसत. हात करीत नसत, नुसते बसत.

रात्री सगळे झोपल्यावर दादा मला फोन करी. दोघेही आपापल्या गॅलरीत, काळोखात, मधल्या आंब्याच्या वरून एकमेकांच्या आकृतीशी बोलायचे. चौथ्या का पाचव्या रात्री त्याने ते सांगितले.

‘तुझी मेल मी कितीदा वाचली. मंगळवार, 21, पहाटे साडेपाच. मग लॉगबुक काढलं. आम्ही तेव्हा वाररेषा ओलांडत होतो. सोमवार, 20 जुलै, दोनदा लिहिलाय. माझ्याच हातानं. तुमच्याकडे मंगळवार उजाडत होता ना, तेव्हा माझ्याकडे दुसऱ्या सोमवारची दुपार होती. एक वाजला होता.’

मी काही बोललो नाही.

‘मी जेवलो नव्हतो त्या दिवशी. गंमत म्हणून. म्हटलं, दोन सोमवार आलेत, आईला फोन लागला की सांगू, दुसरा मी केला तुझ्यासाठी. कुक विचारत होता, साहेब, तब्येत बरी नाही का?’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘तुमच्यापेक्षा माझ्याकडे ती दिवसभर जास्त होती बघ. नंतर ध्यानात आलं.’

त्यानंतर त्या रात्री दुसरे काही बोलणे झाले नाही. साडेतीनला मी जागाच होतो. समोर तो पहाऱ्यावर उभा होता.

चौदा दिवस वसुबारसेला संपले. वर्षाच्या आतली दिवाळी. दारी रांगोळी नव्हती, आकाशकंदील नव्हता. दादा अंगण ओलांडून जिना चढून आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. आता काय करायचे हे वहिनीला सुचेना, माझ्या बायकोलाही सुचेना. ते काम या घरात दुसऱ्या कोणी कधी केले नव्हते. तेवढ्यात आतून आप्पा आले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. हात थरथरत असल्यामुळे पाणी पायांवर थोडे आणि फरशीवर फार पडले. तुकडा तीनदा ओवाळायचा की पाचदा, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी किती वेळा ओवाळला हे मी मोजले नाही. मग तो कुठे टाकायचा हेही त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

पुढल्या वर्षी कंपनीने जूनमध्ये बोलावले तेव्हा दादाने सप्टेंबरपर्यंत येत नाही म्हणून कळवले. वर्षश्राद्धाला तो घरी हवा होता. आईची तिथी श्रावण शुद्ध प्रतिपदा. तारीख बघायला त्याने भिंतीवरचे कालनिर्णय काढून मांडीवर घेतले आणि ऑगस्टचे पान उलटले. बराच वेळ बघत राहिला. मग ते माझ्यापुढे सरकवून त्याने एका चौकोनावर बोट ठेवले. 9 ऑगस्ट 2021. सोमवार, पहिला श्रावणी सोमवार.

‘जमा झाला,’ तो म्हणाला.

गुरुजींना किती वाजता सांगायचे, असे आप्पांनी आतून विचारले. दादाने कालनिर्णय पुन्हा खिळ्याला अडकवले आणि तो त्यांना सांगायला उठला.